वाचकांचे प्रश्न : कार्यालयात कोणी कोणाकडून शिकावे?

या वेळी निवडलेली सहा पत्रे वेगवेगळ्या गावांतून आणि व्यवसायांतून आली आहेत, पण त्यांचा विषय एकच आहे. नोकरीत नुकतेच रुजू झालेले तरुण आणि अनेक वर्षे जबाबदारीच्या जागा सांभाळलेले वरिष्ठ यांनी एकमेकांकडून शिकायचे कसे, आणि ते शिकणे अडते कुठे? पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे आणि संस्था वगळल्या आहेत व पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी एका सहकारी बँकेत शाखा व्यवस्थापक आहे, वय ५५. बँकेने ‘उलट मार्गदर्शन’ नावाचा उपक्रम सुरू केला असून पंचविशीतल्या एका अधिकाऱ्याकडून मी डिजिटल व्यवहार शिकावेत असे ठरले आहे. मुलगा गुणी आहे, परंतु ज्याच्या रजेच्या अर्जावर मी सही करते त्याला ‘हे मला येत नाही’ असे म्हणताना जीभ अडखळते. हा माझा अहंकार समजायचा, की उपक्रमच चुकीचा आहे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : अहंकार हा शब्द आपण स्वतःला फार लवकर लावून घेतला आहे. ज्याच्या रजेवर आणि बढतीवर आपली सही चालते त्याच्यासमोर अज्ञान कबूल करताना संकोच वाटणारच. त्याच सहीमुळे त्या तरुणाचीही कोंडी होत असणार, याचा उल्लेख मात्र आपल्या पत्रात नाही. शिकताना वरिष्ठांचे काही चुकले तर ते मोकळेपणाने सांगावे की गप्प राहावे, हा प्रश्न त्याला दर वेळी पडत असेल.

या उपक्रमाचा उगम थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी आपल्या सुमारे ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना सांगितले, की कंपनीतला इंटरनेट जाणणारा एखादा तरुण गाठा आणि त्याच्याकडून ते शिकून घ्या. वेल्च स्वतःही विद्यार्थी म्हणून बसले. पुढे अनेक देशांतल्या कंपन्यांनी ही कल्पना उचलली, पण तिच्यातल्या दोन गोष्टी वाटेत गळून गेल्या. शिकण्याची सुरुवात सर्वांत वरच्या खुर्चीपासून झाली होती ही एक, आणि शिकायचा विषय नेमका व ठरलेला होता ही दुसरी. आपल्या बँकेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसाठीही असा तरुण नेमला आहे का, हे अवश्य विचारा. नेमला नसेल तर आपल्याला जाणवणारा कमीपणा केवळ मनाचा खेळ नाही, कारण शिकण्याची गरज फक्त मधल्या फळीलाच आहे असा संदेश त्यातून जातो.

तरीही मी आपल्याला माघार घ्या असे सांगणार नाही. आपल्या वयाच्या बँक कर्मचाऱ्यांनी जाडजूड खातेवह्या हाताने लिहून दिवसाचा ताळा जुळवला, मग शाखेत आलेले संगणक आत्मसात केले, नंतर सगळ्या शाखांची खाती एका प्रणालीत जोडणारे कोअर बँकिंग आले आणि २०१६ पासून यूपीआय आले. एकाच नोकरीत इतक्या वेळा काम नव्याने शिकलेली पिढी फार थोड्या व्यवसायांत सापडेल. म्हणून त्या तरुणासमोर कोरी पाटी घेऊन बसू नका, एक खरी फाइल घेऊन बसा. एखाद्या किराणा किंवा कापड व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जमर्यादेचे, नूतनीकरण आले असेल, तर जीएसटीची विवरणपत्रे आणि यूपीआयने आलेल्या रकमा यांवरून दुकानाची उलाढाल कशी वाचायची ते त्याला दाखवू द्या. त्या रकमांतल्या कोणत्या खरोखर विक्रीच्या आहेत आणि कोणत्या भावाच्या धंद्यातून फिरून आल्या आहेत, दिवाळीपूर्वी भरलेला माल कधी सुटतो, गावातली उधारी सुगीनंतर वसूल होते की बुडते, हे आपण सांगा. फसवणुकीच्या फोनला घाबरून मुदत ठेव मोडायला आलेला वृद्ध खातेदार काउंटरवर उभा असतो, तेव्हाही हेच घडते. त्या फसवणुकीची यंत्रणा तरुणाला ठाऊक असते, आणि या माणसाने आजवर एकही ठेव मुदतीपूर्वी मोडलेली नाही हे आपल्याला ठाऊक असते. पैसे वाचतात ते दोघांनी बोलल्यामुळे.

‘मला येत नाही’ हे वाक्य आधी वरिष्ठाने उच्चारावे, असे माझे ठाम मत आहे. आपली नोकरी स्थिर आहे आणि नाव झालेले आहे, त्यामुळे त्या वाक्याची किंमत आपल्याला कमी मोजावी लागते. त्या मुलाने ते पहिल्यांदा म्हटले तर त्याच्या गोपनीय अहवालात त्याचे काय होईल, याची त्याला धास्ती असते. आपण एकदा, चारचौघांत, नेमक्या बाबीवर ते म्हटलेत, की त्यालाही कर्जाच्या अटींविषयीचे स्वतःचे अज्ञान लपवावे लागणार नाही. शक्य असेल तर या काळापुरता त्याचा वार्षिक अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, अशी विनंती मुख्य कार्यालयाला करा.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ओतण्याची पद्धत ठरवणारा मेथड्स इंजिनिअर आहे. वाळू आणि मोल्डिंगचे (साचे बनवण्याचे) काम पाहणारे मिस्त्री साठीच्या घरात आहेत. कास्टिंगमधला, म्हणजे ओतीव भागातला, दोष ते नुसत्या नजरेने ओळखतात, पण विचारले की ‘हाताला कळतंय बघ’ एवढेच उत्तर मिळते. दुसरीकडे, मी संगणकावर केलेल्या ओतकामाच्या आभासी चाचणीकडे, सिम्युलेशनकडे, ते पाहतही नाहीत. ते मुद्दाम सांगत नाहीत का?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : मला तसे वाटत नाही, आणि तुम्हीही तसे धरून चालू नका. कोल्हापुरातला हा उद्योग शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांतून वाढत शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत पसरला, आणि त्यातल्या कारागिरांच्या पिढ्या एकमेकांशेजारी उभे राहून तयार झाल्या. ज्या माणसाला त्याचे काम कधी कोणी शब्दांत शिकवले नाही, त्याच्याकडे ते शब्दांत सांगण्याची साधनेही नसतात. तो लपवत नाही, त्याला ते वेगळे काढून दाखवता येत नाही.

गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलातल्या अनुभवी प्रमुखांचा अभ्यास केला. आगीच्या ठिकाणी तुम्ही निर्णय कसा घेता, असे विचारल्यावर त्या प्रमुखांचे म्हणणे असे होते, की आम्ही निर्णय घेतच नाही, काय करायचे ते समोर दिसते. मात्र एकच विशिष्ट आग घेऊन, आत शिरल्यावर काय दिसले, कशाची अपेक्षा होती, कुठे शंका आली, असे टप्प्याटप्प्याने विचारत गेल्यावर त्यांना दिसलेल्या बारीक खुणा एकेक करून बाहेर आल्या. तुमच्या मिस्त्रींना तुम्ही आजवर बहुधा सर्वसाधारण प्रश्न विचारले असतील. वाळू चांगली कशी ओळखायची, या प्रश्नाला ‘हाताला कळतंय’ हेच प्रामाणिक उत्तर आहे.

त्याऐवजी रिजेक्शनच्या ढिगातले एक कास्टिंग उचला आणि ते हातात घेऊन त्यांच्याकडे जा. हा ब्लोहोल (वायूने पडलेले छिद्र) वाळूतल्या ओलीमुळे आला की कोअरमधून (साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातून) वायू बाहेर पडायला जागा न मिळाल्याने? ही पोकळी वायूची आहे की धातू आकसल्याची, आणि ते तुम्ही आतल्या पृष्ठभागाच्या चकाकीवरून ठरवलेत की आकारावरून? काल तिसऱ्या साच्यापाशी तुम्ही थबकलात आणि वाळू परत पाठवलीत, तेव्हा नेमके काय वेगळे लागले? अशा प्रश्नांना मिस्त्री उत्तरे देतात, कारण ते प्रश्न त्यांच्या कामातून आलेले असतात.

वाळूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट करून पाहा, आणि ती काही आठवडे चिकाटीने करा. मिस्त्री मूठभर वाळू दाबतात, तो गोळा मोडून पाहतात आणि तळव्याला किती चिकटली ते बघतात. त्याच वेळी त्याच वाळूविषयी त्यांचे मत लिहून घ्या आणि प्रयोगशाळेतला ओलाव्याचा व कॉम्पॅक्टिबिलिटीचा (वाळू किती दाबली जाते त्याचा) आकडा नंतर त्याशेजारी मांडा. दोन्ही जुळले तर तुम्हाला हाताच्या खुणांचा अर्थ आकड्यात मिळेल. जुळले नाही तर अधिक बरे, कारण तिथेच खरे शिक्षण आहे. नमुना बहुतेक वेळा मिक्सरपाशी घेतला जातो. परत आलेली वाळू पुरेशी थंड झालेली नसेल, तर मिक्सरपासून मोल्डिंगच्या पेटीपर्यंत येताना तिच्यातले पाणी उडून जाते. प्रयोगशाळेचा आकडा बरोबर असतो आणि साचा तरीही बिघडतो. मिस्त्रींचा हात पेटीपाशी असतो, म्हणून जे त्यांना कळते ते तुमच्या अहवालात येतच नाही. उलट बाजूने, दिवसभर उभे राहून थकलेला हात संध्याकाळच्या पाळीत चुकतो का, हेही त्या वहीत दिसेल, आणि ते मिस्त्रींनी स्वतः पाहिले तर ते रागावणार नाहीत.

आता तुमच्या सिम्युलेशनविषयी. निकाल तयार करून तो त्यांना दाखवायला नेणे हीच तुमची अडचण झाली असावी, कारण तयार निकालासमोर माणसाला फक्त मान डोलावता येते किंवा मान फिरवता येते. नवा पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) येईल तेव्हा संगणक सुरू करण्यापूर्वी त्यांना विचारा, की धातू सर्वांत शेवटी कुठे घट्ट होईल, आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा रायझर कुठे बसवाल? त्यांचे उत्तर ड्रॉइंगवर खुणेने नोंदवा, मग सिम्युलेशन चालवा आणि दोघांनी मिळून पाहा. ओतण्याचे खरे तापमान किती उतरते, शेवटच्या साच्यापर्यंत लॅडलमधला (ओतण्याच्या पात्रातला) धातू किती थंड होतो, ही माहिती त्यांच्याकडून घेतलीत तर तुमचे सिम्युलेशनही सुधारेल. सॉफ्टवेअरला जे तापमान सांगाल त्यावरच ते विसंबून राहते.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. रिजेक्शन कमी झाल्याचा अहवाल मालकांसमोर जाईल, तेव्हा त्यावर मिस्त्रींचे नाव तुमच्या नावाच्या बरोबरीने असले पाहिजे. नोंदवही तुमची, इंग्रजी तुमचे आणि सादरीकरणही तुमचे, पण त्यातले ज्ञान त्यांचे, अशी वाटणी झाली, तर पुढच्या वेळी ‘हाताला कळतंय बघ’ हेच उत्तर मिळेल आणि ते देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार असेल.

प्रश्न : मी नवी मुंबईतल्या एका बांधकाम प्रकल्पावर साइट इंजिनिअर आहे. स्लॅबचे काँक्रीट भरण्यापूर्वी एका बाजूला सळ्यांतले अंतर ड्रॉइंगपेक्षा जास्त असल्याचे मला दिसले. मी वरिष्ठांना ‘सर, इथे एकदा बघायचं का?’ असे म्हटले. ‘बघितलंय मी’ असे म्हणून त्यांनी पंप सुरू करायला सांगितले. मी गप्प बसले. ते अनुभवी आहेत, कदाचित त्यांचेच बरोबर असेल. पण मला झोप लागत नाही.
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : पहिली गोष्ट तातडीची आहे. तुम्ही काय पाहिले, कोणत्या बाजूला, अंदाजे किती अंतर होते आणि त्या वेळी काढलेली छायाचित्रे असतील तर ती, हे सर्व लेखी स्वरूपात वरिष्ठांना आणि प्रकल्पाच्या स्ट्रक्चरल सल्लागारांना कळवा. टेकू काढण्यापूर्वी ते तपासता येते. सल्लागारांनी पाहून ‘चालेल’ असे म्हटले, तर तुम्हीही एक गोष्ट शिकाल आणि झोपही लागेल. आणखी वेळ घालवू नका.

आता त्या क्षणाविषयी. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाचे कॅप्टन हे त्या कंपनीचे अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होते आणि इतर वैमानिकांना प्रशिक्षण देत असत. त्यांनी परवानगी मिळालेली नसताना उड्डाण सुरू केले. दुसरे विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेले नाही का, असे कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले. कॅप्टननी ठामपणे त्याला झटकले आणि इंजिनिअर पुढे बोलला नाही. त्याला शंका आली होती, त्याने ती प्रश्नाच्या रूपात मांडली, आणि समोरच्या माणसाच्या अनुभवाच्या वजनाखाली ती दबली. तुमच्या पत्रातला प्रसंग मला याच जातीचा वाटतो.

अशा अपघातांनंतर विमानक्षेत्राने हा प्रश्न व्यक्तीच्या धाडसावर सोडून दिला नाही. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी प्रशिक्षण सुरू केले, ज्यात कनिष्ठांना स्पष्ट बोलायला आणि कॅप्टनना ते मागून घ्यायला शिकवले जाते. त्याच कंपनीच्या एका विमानाचे मधले इंजिन १९ जुलै १९८९ रोजी हवेत फुटले आणि विमान वळवण्याची, द्रवाच्या दाबावर चालणारी सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांच्या सूचना तर घेतल्याच, शिवाय प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये बोलावून इंजिनांची ताकद कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवर बसवले. अमेरिकेतल्या सू सिटीला विमान कोसळत उतरले, परंतु २९६ पैकी १८४ जण वाचले. असा बिघाड कोणत्याही पुस्तकात नव्हता, आणि हेन्स यांनी पुढे या प्रशिक्षणाला त्याचे मोठे श्रेय दिले.

यातून तुम्ही उचलण्याजोगी गोष्ट बोलण्याच्या पायऱ्यांची आहे. ‘एकदा बघायचं का?’ हे आपल्याकडे आदराने बोलणे समजले जाते, पण घाईत असलेल्या माणसाला त्यातला धोका ऐकू जात नाही. पहिल्यांदा दिसलेली गोष्ट मोजमापासह सांगा : ‘सर, पूर्वेकडच्या बाजूला सळ्यांतलं अंतर ड्रॉइंगपेक्षा जास्त आहे.’ उत्तर मिळाले नाही तर त्याचा परिणाम सांगा. तरीही काम पुढे जात असेल तर ‘सर, हे मोजून होईपर्यंत पंप थांबवावा अशी माझी विनंती आहे’ असे सांगा आणि ते वाक्य बोलून झाल्यावर गप्प राहून त्यांना उत्तर द्यायला भाग पाडा. त्यात ‘सर’ही आहे आणि ‘विनंती’ही आहे, आदर कुठेही उणा होत नाही.

तुमचे वरिष्ठ हे सदर वाचत असतील, तर त्यांनाही दोन शब्द. काँक्रीट आणणारे ट्रान्झिट मिक्सर रांगेत उभे असतात, काँक्रीट घट्ट होण्याची भीती असते, वरून फोन येत असतात, हे सर्व मी जाणतो. परंतु पंप सुरू करण्याआधी साइटवरच्या सर्वांत लहान इंजिनिअरला ‘तुला काही खटकतंय का?’ असे नाव घेऊन विचारायला फार वेळ लागत नाही. आपण विचारले नाही तर ती बोलणार नाही, आणि ती बोलली नाही याचा दोष तिच्या भित्रेपणाला देता येणार नाही.

प्रश्न : मी आयुष्यभर कारखान्यात प्रशासन सांभाळले. तरुणांकडून शिकण्याची ही टूम मला परदेशी वाटते. आपल्याकडे गुरूने सांगावे आणि शिष्याने ऐकावे हीच रीत होती, आणि तिच्यातूनच मोठी माणसे घडली.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याकडची एक गुरुशिष्यांची जोडी जवळून पाहिली तर चित्र थोडे वेगळे दिसते. गोपाळ कृष्ण गोखले हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे शिष्य, दोघांच्या वयात २४ वर्षांचे अंतर. गोखल्यांनी रानड्यांच्या नजरेखाली सरकारी अहवाल आणि आकडेवारी यांवर वर्षानुवर्षे मेहनत केली, हे आपल्या म्हणण्याला धरूनच आहे. पण रानड्यांनी त्यांना नुसते ऐकत बसवले नाही. १८९० मध्ये, वयाच्या चोविशीत, गोखले पुण्याच्या सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचे चिटणीस झाले आणि तिचे त्रैमासिक सांभाळू लागले. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर लंडनमध्ये साक्ष द्यायला पुण्यातल्या डेक्कन सभा या संस्थेच्या वतीने गेले तेही गोखलेच. सदस्यांच्या उलटतपासणीला एकट्याने तोंड देणारा हा तरुण तेव्हा तिशीत होता. तयारीत रानड्यांचा हात होता आणि गणेश व्यंकटेश जोशी यांचाही.

या जोशींकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. ते शाळेत मुख्याध्यापक होते, रानड्यांपेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि सरकारी हिशेब व शेतसाऱ्याची आकडेवारी यांवर त्यांचा विलक्षण अधिकार होता. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आपल्याहून लहान अशा एका शाळामास्तरांच्या अभ्यासाचा आधार घेण्यात कमीपणा वाटला नाही. पुण्यातल्या त्या मंडळींनी शिकण्याचा आणि शिकवण्याचा मान वयावरून वाटला नव्हता, समोरच्या कामात कोणाला काय ठाऊक आहे त्यावरून वाटला होता. ही रीत आपलीच आहे, आणि ती परत आणण्यासाठी आपल्यासारख्यांचा शब्द उपयोगी पडेल.

आपल्या पत्रातल्या एका गोष्टीशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. काही कार्यालयांत तरुणांना नुसत्या वयामुळे ज्ञानी ठरवले जाते आणि चाळीस वर्षांचा अनुभव ‘जुने’ म्हणून बाजूला टाकला जातो. ते अन्यायाचे आहे आणि धंद्याच्या दृष्टीने नुकसानीचेही आहे.

प्रश्न : मी पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. आम्ही तरुण आणि वरिष्ठ यांच्या जोड्या लावल्या, उद्घाटन केले, प्रत्येक भेटीनंतर भरायचा अर्ज दिला. अर्ज भरले जात आहेत, पण भेटी होत नाहीत अशी मला दाट शंका आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली शंका खरी असावी. कागद भरला जातो आणि बोलणे होत नाही, हे रुग्णालयांतही घडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी आणली. कापण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे, अशी त्यात एक पायरी आहे, म्हणजे सर्वांत कनिष्ठ परिचारिकेचाही आवाज एकदा ऐकला जातो. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात शंभराहून अधिक रुग्णालयांत ती सक्तीने लागू झाली, आणि २०१४ च्या अभ्यासात तिथे लक्षणीय फरक आढळला नाही. यादी तीच होती. खुणा होत राहिल्या, बोलणे झाले नाही, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला आणि मलाही तो पटतो.

आपला अर्ज बंद करा. जोड्यांना भेटीऐवजी काम द्या : एखाद्या ग्राहकाची रेंगाळलेली तक्रार किंवा अर्ध्यावर अडलेला प्रकल्प, ज्याच्या निकालावर दोघांची नावे असतील. त्यासाठी कामाच्या तासांतला वेळ काढून द्या, कारण शनिवारच्या दुपारी कोणीही मनापासून शिकत नाही. आणि जोडीतला वरिष्ठ हा त्या तरुणाचे मूल्यमापन करणाऱ्या साखळीत कुठेही नसावा. हे शेवटचे जमत नसेल तर उपक्रम पुढच्या वर्षी सुरू केला तरी चालेल.

प्रश्न : मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता असून सहा महिन्यांनी निवृत्त होत आहे. गावातल्या जुन्या जलवाहिन्या कुठून जातात, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा, हे माझ्या आणि दोन व्हॉल्व्हमनच्या डोक्यात आहे. मी मोठी टिपणवही लिहिली आहे, पण नवे दोन अभियंते ती उघडून पाहत नाहीत. मन खट्टू होते.
— एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : आपली खंत मला समजते, आणि ती वही लिहून आपण गावावर उपकार केले आहेत. नव्या अभियंत्यांना मात्र त्या वहीत अजून रस वाटू शकत नाही, कारण ज्या प्रश्नांची उत्तरे तीत आहेत ते प्रश्न त्यांना अद्याप पडलेलेच नाहीत. ते पडावेत अशी व्यवस्था आपल्याला हाताशी असलेल्या सहा महिन्यांत करता येईल.

आठवड्यातली एक सकाळ ठरवा आणि व्हॉल्व्हमनना बरोबर घेऊन एकेक पाणी-विभाग पायी फिरा. नव्या अभियंत्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हची जागा मोबाइलवरून जीपीएसने नोंदवून नकाशावर आणावी. हे काम ते आपल्यापेक्षा वेगाने करतील आणि त्यात त्यांना आनंदही वाटेल. नकाशावरचा एकेक ठिपका पडत असताना त्यामागची हकिकत आपण किंवा व्हॉल्व्हमननी सांगावी : हा अर्धाच का उघडायचा, पूर्ण उघडला तर उंचावरच्या वस्तीचे पाणी कसे तुटते, ही वाहिनी गटाराला कुठे छेदते आणि पावसाळ्यात तिथे गळती लागली तर आधी काय बंद करायचे. व्हॉल्व्हमनची नावे नकाशाच्या नोंदीत घालायला विसरू नका. अभियंत्यांच्या बदल्या होतात, व्हॉल्व्हमन गावातच राहतात, आणि त्यांना आजवर कोणी शिक्षक मानलेले नाही.

तिसऱ्या महिन्यापासून बिघाडाचा फोन आला की आपण जागेवर जा, पण निर्णय नव्या अभियंत्यांना घेऊ द्या. त्यांनी चुकीचा व्हॉल्व्ह सांगितला आणि त्याने फार तर एका गल्लीचे पाणी तासभर जाणार असेल, तर ते जाऊ द्या आणि मग सगळे मिळून कारण शोधा. दूषित पाणी मिसळण्याचा धोका असेल तिथे मात्र लगेच थांबवा. वहीतली पाने त्यांना अशा वेळी दाखवा, त्या बिघाडाचे पान तेवढेच. ती वही ते स्वतःहून उघडू लागतील असा माझा विश्वास आहे. निवृत्तीनंतरही फोन करा, असे आपण त्यांना सांगालच. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र आपल्याला न बोलावता त्यांनी कोणकोणते बिघाड मिटवले याची यादी त्यांनाच ठेवायला सांगा, आणि जिथे बोलवावे लागले त्या जागा निवृत्तीच्या आधी एकदा पुन्हा सोबत फिरून घ्या.